खेळातला नायक निवडलेलाच असावा काय?

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भेटीस आला. घर नांदेड जिल्ह्यातले, शेतकऱ्याचे. शिक्षणासाठी तो लातूरला वसतिगृहात राहतो. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा तो दुसऱ्यांदा देणार आहे. अशा मुलांच्या तुकडीला तिकडे ‘रिपीटर बॅच’ म्हणतात. बोलण्याच्या ओघात, अभ्यासाने मन थकले म्हणजे काय करतोस, असे आम्ही त्याला विचारले. थोडा संकोचून तो म्हणाला, “फादर, मी एक जुना खेळ खेळतो. थोरल्या भावाच्या संगणकावर आहे. तुम्ही रागावणार नसाल तर दाखवतो.” आम्ही रागावलो नाही. सुट्टीतल्या चार-पाच संध्याकाळी मिशनच्या ओसरीवर त्याच्या शेजारी बसून आम्ही तो खेळ पाहिला. कळा दाबण्याच्या कामी आम्ही अनाडी आहोत. कथा ऐकण्याची सवय मात्र जुनी आहे.

खेळाचे नाव ‘मॉरोविंड’. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने तो २००२ साली प्रसिद्ध केला. एका कैद्याला जहाजातून परक्या बेटावर आणून मोकळे सोडले जाते, तिथे कथा सुरू होते. त्या भूमीत एक जुनी भविष्यवाणी आहे: फार पूर्वी मारला गेलेला एक सेनानी पुन्हा जन्म घेईल आणि लोकांना संकटातून सोडवील. हळूहळू भविष्यवाणीतल्या खुणा त्या कैद्याशी जुळू लागतात. “तो मीच, फादर,” मुलगा अभिमानाने म्हणाला. पुढे एक गुहा लागली. देवीसमान शक्तीने दिलेली अंगठी नायकाने बोटात घातली आणि गुहेत अनेक छाया उभ्या राहिल्या. ‘तो निवडलेला मीच’ असे मानून पूर्वी निघालेली आणि वाटेतच पडलेली ती माणसे होती. प्रत्येकाने आपली हकीकत सांगितली, आपल्याजवळची एक वस्तू नव्या नायकाच्या हाती दिली. आम्ही विचारले, “आणि यांचे काय रे?” मुलगा हसून म्हणाला, “हे रिपीटर, फादर.” मग त्याचे हसू ओसरले, आणि त्या संध्याकाळी त्याने खेळ पुढे नेला नाही.

त्या एका शब्दाने आम्हांला हा लेख लिहावयास लावले. मुलांनी असे खेळ खेळावेत की नाही, हा वाद आपल्या घरांतून पुष्कळ झाला आहे. तो येथे पुन्हा उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. कथा, नाटक, चित्रपट यांच्याविषयी आपण जसे विचारतो, तसेच या खेळांविषयीही विचारावे, असे आम्हांस वाटते: ही कलाकृती माणसाबद्दल काय सांगते? आणि या प्रकारच्या खेळांत सर्वांत अधिक सांगितली जाणारी गोष्ट एकच आहे. खेळणारा हा साधा कोणी नसून जन्मतःच निवडलेला वीर आहे, ही ती गोष्ट. ती खरी आहे काय? चांगली आहे काय?

ज्यांना या खेळांचा परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. यांना ‘भूमिका-खेळ’ म्हणता येईल. आपल्याकडचा जुना शब्द वापरायचा तर ‘सोंगाचा खेळ’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. त्यात यंत्र नव्हते. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेले मित्र, एवढ्यावर तो चाले. एकाने प्रसंग सांगायचा, इतरांनी आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तरे द्यायची. विशेष हे की त्या मूळ खेळातले पात्र आरंभी अगदी दुबळे असे आणि पहिल्याच मोहिमेत बहुधा दगावत असे. त्याची कोणी निवड केलेली नसे. जो वाचला, शिकला, सोबत्यांना धरून राहिला, तो पुढे मोठा होई.

सोंग घेणे ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडे ज्यांनी गावच्या सप्ताहात पाहिली असतील, त्यांना आमचे म्हणणे पटेल. भारुड सादर करणारा वासुदेव होतो, जोशी होतो, गोंधळी होतो, आंधळा होतो, गावकुसाबाहेरचा माणूसही होतो. तो बहुधा राजाचे सोंग घेत नाही. समाजाने ज्याला खालचे स्थान दिले, त्याच्या तोंडून तो शहाणपण बोलवतो, आणि पाहणारा पोट धरून हसता हसता अंतर्मुख होतो. सोंगाचे खरे सामर्थ्य आपल्या पूर्वसुरींना असे ठाऊक होते: घटकाभर स्वतःबाहेर पडून दुसऱ्याच्या कातड्यात शिरणे.

संगणकावर आल्यावर या प्रकाराला वेगळे वळण लागले. १९८६ साली जपानात आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या अत्यंत लोकप्रिय खेळातला नायक एका प्राचीन वीराचा वंशज असतो. अधिकार त्याच्या रक्तातच आहे. ‘मॉरोविंड’च्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये गाडीत बांधून वधस्तंभाकडे नेला जाणारा कैदी पुढे ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला ठरतो. अशी उदाहरणे वाटेल तितकी देता येतील.

रचनाकार ही युक्ती का वापरतात, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. खेळातले जग खेळणाऱ्याची वाट पाहत थांबलेले असते. तो येईपर्यंत लोहार भात्याशी उभा, खानावळवाली दाराशी उभी, राजा सिंहासनावर बसून. अनोळखी माणसापुढे हे सगळे आपले दुःख का उघडे करतात? त्याच्या हाती राज्याचे भवितव्य का देतात? ‘हा निवडलेला आहे’ असे म्हटले की या सर्व प्रश्नांना एका फटक्यात उत्तर मिळते. ही कारागिराची सोय झाली.

दुसरे कारण खेळणाऱ्याच्या मनात आहे, आणि त्याला हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. लातूरच्या ज्या मुलाविषयी आम्ही लिहिले, तो दिवसभर एक आसनक्रमांक असतो. सकाळी वर्ग, दुपारी अभ्यासिका, रविवारी चाचणी, संध्याकाळी भिंतीवर लागलेली गुणांची यादी. चौकाचौकांतील फलकांवर यशस्वी मुलांची छायाचित्रे. त्यांच्याखालून तो रोज खाणावळीत जातो. २०२४ साली ही परीक्षा तेवीस लाखांहून अधिक मुलांनी दिली, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या आसपास होत्या. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील कित्येक गरीब घरांत डॉक्टर आणि अभियंते दिले, हे कृतज्ञतेने सांगावे लागेल. नांदेडनेही तोच मार्ग धरला आहे. परंतु तेवीस लाखांतल्या एकाला रात्री कोणी नाव घेऊन म्हणत असेल, ‘तुझीच आम्ही वाट पाहत होतो,’ तर त्याला ते गोड का वाटू नये? ही भूक खरी आहे. प्रश्न एवढाच, की तिच्यापुढे वाढलेले अन्न पोसणारे आहे काय?

आपल्या महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या कलाकृतींच्या नामांकनांत त्याचे नाव होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. काटेकोर अर्थाने तो भूमिका-खेळ नव्हे. त्यात झुंज आणि कसरत अधिक. परंतु निवडलेल्या नायकाचा प्रश्न त्यात अगदी स्वच्छ दिसतो. राजी ही खेळ करून दाखवणारी, डोंबाऱ्याच्या जातकुळीची पोर. असुर तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. दुर्गा तिची निवड करते, त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू तिच्या वाटचालीवर आपापसांत बोलत राहतात, आणि त्यांच्या बोलण्यातून आपल्याला कथा कळते. राजस्थानी महालांची घडण, पहाडी चित्रशैलीची छटा, भिंतीवरील चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा हे सगळे डोळ्यांना सुखावणारे आहे.

तरीही हा खेळ आम्हांस दोन भागांत तुटलेला वाटला. राजी जिथे बहीण आहे, तिथे ती जिवंत आहे. गोलूची आठवण निघाली की तिचा आवाज बदलतो, आणि आपलाही जीव तिच्यात गुंततो. जिथे ती देवतेची निवडलेली योद्धी होते, तिथे ती एका मोठ्या कथेतले हत्यार बनते. तिचा दोराएवढा लवचीक देह, सर्कशीतले कसब, भावावरची माया हे तिचे स्वतःचे धन होते. दैवी निवडीची तिला खरोखर गरज होती काय? भाऊ हरवलेल्या मुलीला ‘जा’ असे सांगावे लागत नाही. आमच्या मते ही कथा निवडीमुळे मोठी झालेली नाही. निवडीच्या आधीच ती मोठी होती.

याच प्रश्नाला वेगळे उत्तर देणारा एक जुना खेळ आहे, आणि त्याच्या नावात आपल्याच भूमीचा शब्द आहे. रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा’ मालिकेतला चौथा खेळ, ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’, १९८५ साली आला. त्यात शेवटी मारावयाचा कोणी महादुष्ट नाही. आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री खेळणाऱ्याला सात पेच घालते. प्रत्येक पेचात दोन सद्गुणांपैकी एक निवडावा लागतो, आणि त्या उत्तरांवरून त्याचे पात्र ठरते. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता आणि नम्रता हे आठ गुण आचरणात आणीत त्याने ‘अवतार’ व्हायचे. एक आंधळी बाई औषधी विकते. किती नाणी दिली, ते खेळणाऱ्यानेच तिला सांगायचे. कमी दिली तरी ती काही बोलत नाही. भिकाऱ्याला दिलेले दान, जखमींसाठी दिलेले रक्त, पळणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याला दिलेले जीवदान या सर्वांची नोंद गुपचूप होत असते.

आपल्या परंपरेत अवतार म्हणजे देवाने खाली येणे. या खेळात माणूस पायरी पायरीने वर चढतो, आणि चढताना त्याच्याजवळ कोणतेही प्रमाणपत्र नसते. ही कल्पना आम्हांस फार आवडली. आमच्या तरुण मित्राला ती सांगितली, तेव्हा त्याने मान हलवली. “म्हणजे इथेही मार्कच, फादर,” तो म्हणाला. त्याचा आक्षेप खोटा नाही. सद्गुणांची बेरीज ठेवली की दयासुद्धा गुणपत्रिकेवर चढते. खेळ ती बेरीज खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवीत नाही, हा त्याचा विवेक. पण ती मांडलेली असतेच, ही त्याची मर्यादा.

निवड आधी की उभे राहणे आधी, या प्रश्नासाठी नांदेडच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. गोदावरीच्या काठी, जिथे श्री गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली देह ठेवला, त्या हुजूर साहिबच्या नगरीत आपण राहतो. शीख परंपरा सांगते की १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरूंनी जमावापुढे तलवार उपसून एक मस्तक मागितले. कोणाचेही नाव घेतले नाही. एकामागून एक पाच जण उठले. तेच पंज प्यारे. त्यांतले एक, साहिबचंद, परंपरेने न्हावी, आणि गाव बीदर. म्हणजे आपल्या लातूर-नांदेडच्या सीमेला खेटून असलेले बीदर. पुढे गुरूंनी त्या पाचांना अमृत दिले आणि मग हात जोडून त्यांच्याचकडून स्वतः अमृत घेतले. या प्रसंगात हाक सर्वांना होती. उठण्याआधी त्या पाचांच्या अंगावर कोणतीही खूण नव्हती, आणि उठल्यावर आपण वाचू अशी हमीही नव्हती.

हाक आणि हमी. आमच्या मते सगळा भेद या दोन शब्दांत आहे. खेळाने खेळणाऱ्याला हाक जरूर द्यावी. तिच्यावाचून कथा सुरू होत नाही, आणि ज्याला कधी कोणी हाक मारली नाही, त्याच्यासाठी ती औषधाचे काम करते. परंतु बहुतेक निवडलेल्या नायकांच्या खेळांत हाकेबरोबर हमीही दिलेली असते: तू जिंकशीलच, कारण तू तोच आहेस. हमी आली की पराक्रमातला जीव जातो. इतर माणसे नायकाच्या वाटेवरचे मैलाचे दगड होतात. पडलेल्यांविषयी एवढेच म्हणता येते, की ते मुळात ‘ते’ नव्हतेच. आमच्या मुलाचे हसू नेमके येथे मावळले होते. ‘मॉरोविंड’चे मोठेपण असे की त्याने त्या पडलेल्यांना गुहेत बोलते केले, त्यांच्या हातांनी नायकाला भेटी देवविल्या, आणि नायक खरोखरच ‘तो’ आहे की केवळ खुणा जुळलेला माणूस आहे, हा संशय पुरता मिटवला नाही. निवडीची कथा सांगतानाच तिच्यावर प्रश्नचिन्ह ठेवणारा हा खेळ आहे.

याहून एक पाऊल पुढे गेलेला खेळ अलीकडे पाहण्यात आला. ऑब्सिडियन संस्थेचा, जॉश सॉयर यांनी दिग्दर्शित केलेला ‘पेंटिमेंट’ २०२२ साली प्रसिद्ध झाला. काळ सोळाव्या शतकाचा, स्थळ बव्हेरियातले टासिंग हे कल्पित गाव आणि त्याच्या शेजारचा बेनेडिक्टाइन मठ. नायक आंद्रेआस मालर हा हस्तलिखिते सजवणारा कारागीर. एका सरदाराचा खून होतो, आणि ज्याच्यावर आळ येतो तो वृद्ध संन्यासी आंद्रेआसचा जिवलग. त्याला वाचवण्यासाठी आंद्रेआस चौकशी करू लागतो. दिवस थोडे, माणसे पुष्कळ. शेतकऱ्याच्या घरी दोन घास खाल्ले तर विणकरणीकडे जायला वेळ उरत नाही. अखेर कोणाचे तरी नाव घ्यावे लागते, आणि ज्याचे नाव घेतले त्याला मृत्युदंड होतो. आपण घेतलेले नाव बरोबर होते काय, हे खेळ कधीच छातीठोकपणे सांगत नाही. काही वर्षांनी आंद्रेआस त्याच गावात परत येतो, तेव्हा मृताची माणसे तिथेच राहत असतात आणि ती विसरलेली नसतात. पडद्याआडून चिथावणी कोणाची होती, ते शेवटी कळते. ते कळल्यावर आमच्यासारख्या धर्मगुरूस मान खाली घालावी लागते. अधिक सांगून रसभंग करीत नाही.

येथे खेळणारा निवडलेला नाही. निवड करण्याचा भार त्याच्यावर आहे. पुढे आंद्रेआसही केंद्रस्थानी राहत नाही. शेवटचा भाग एका छापखानेवाल्याच्या मुलीचा आहे. गावच्या सभागृहाच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवण्याचे काम तिच्याकडे येते, आणि त्यात कोणता प्रसंग घ्यायचा हे तिला ठरवावे लागते. खेळाचे नाव ज्या इटालियन शब्दावरून आले आहे, त्याचा मूळ अर्थ पश्चात्ताप. चित्रकाराने मन बदलून वरून रंग दिला, तरी खालची जुनी रेषा कालांतराने वर दिसू लागते, तिला तो शब्द वापरतात. खेळात पश्चात्तापाला इतकी मोठी जागा दिलेली आम्ही प्रथमच पाहिली. ज्याला हमी मिळाली आहे, त्याला पश्चात्तापाची गरज पडत नाही.

एक आक्षेप उरतो. पडद्यापुढे बसणारा एकटाच असतो. मग सगळे त्याच्याभोवती फिरणार नाही तर कोणाभोवती? खरे आहे. कथेला मध्य लागतोच. पण मध्यभागी असणे आणि निवडलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळीच्या रात्री घरच्या पणतीभोवती आपण बसतो, म्हणून गावातल्या इतर पणत्या विझत नाहीत. खेळणाऱ्याच्या पाठीमागेही इतरांची आयुष्ये चालू आहेत, ती त्याच्यावाचूनही मोलाची आहेत, एवढे ज्या खेळात जाणवते तो आम्ही चांगला खेळ म्हणू. मग त्यात भविष्यवाणी असो वा नसो.

आपल्या वाचकांना या संदर्भात प्रेषितांच्या कृत्यांतला एक प्रसंग आठवेल. यहूदाची रिकामी जागा भरण्यासाठी दोघांना पुढे केले गेले: योसेफ बर्सब्बा, ज्याला युस्त म्हणत, आणि मत्थिया. चिठ्ठ्या टाकल्या; मत्थियाचे नाव निघाले. युस्ताचे पुढे काय झाले, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. पूर्वी आम्ही या युस्ताविषयी कळवळून प्रवचन करीत असू. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले, की निवडला गेलेला मत्थियाही नव्या करारात पुन्हा कुठे दिसत नाही. दोघेही पहिल्यापासून सोबत चालत आलेले होते. दोघेही नंतर त्याच कामात नाहीसे झाले. चिठ्ठीने एकाला जागा दिली. चालण्याचे मोल तिने ठरवले नव्हते.

सुट्टी संपताना मुलगा निरोप घेण्यास आला. गुहेतून पुढे गेलास काय, असे आम्ही विचारले. “गेलो, फादर. पण आधी त्या सगळ्यांशी पुन्हा बोललो. पहिल्या वेळी त्यांचे नीट ऐकलेच नव्हते.” मग पाठीवरची पिशवी सावरीत तो लातूरच्या गाडीकडे निघाला. परीक्षेचा निकाल काय लागेल, हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच्या आईवडिलांना आणि त्यांच्यासारख्या आमच्या सर्व वाचकांना एवढीच विनंती, की यादी लागण्याच्या आधी एकदा मुलाला नावाने हाक मारा, आणि यादी लागल्यावरही त्याच नावाने मारा.